पॅडलचा बूट: पकड हवी, पण किती?

पुण्या-मुंबईपाठोपाठ इंदुरातही पॅडलची हवा पोचली आहे आणि तिच्याबरोबर एक प्रश्नही आला आहे: घरात आहेत ते बूट चालतील का? प्रश्न रास्त आहे. रॅकेटचे खेळ या शहराला नवे नाहीत; टेबल टेनिससाठी अभय प्रशालसारखी वास्तू इथे उभी आहे, टेनिस आणि बॅडमिंटन तर कितीतरी घरांत दोन-तीन पिढ्या चालत आलेलं आहे. त्यामुळे खेळणाऱ्या घराच्या शू-रॅकवर बूट असतातच. कुणाचे मेघदूत उपवनात किंवा नेहरू पार्कात सकाळी फिरायला जायचे मऊ रनिंग शूज, कुणाचे बॉक्स क्रिकेटचे, खाली रबरी खुंट्या असलेले टर्फ शूज, कुणाचे बॅडमिंटनचे. नवे घ्यायचं ठरलं, तर दुकानात विचारणा एकच होते, ‘ग्रिप चांगली आहे ना?’ माझं म्हणणं असं, की ही चौकशी अर्धीच आहे. पॅडलच्या बुटाला पकड हवीच, पण ती योग्य क्षणी सुटायलाही हवी. घसरणाऱ्या बुटाने माणूस पडतो आणि न सुटणाऱ्या बुटाने गुडघा पिरगळतो. या दोहोंच्या मधला बूट शोधायचा, तर ब्रँड आणि किंमत बाजूला ठेवून आधी कोर्टाची जमीन पाहावी लागते आणि मग बूट उलटा करून त्याचा सोल.

जमिनीपासूनच सुरुवात करू. मेक्सिकोतल्या आकापुल्को इथे १९६९ साली एन्रिके कोर्कुएरा यांनी आपल्या घराच्या आवारात भिंतींनी वेढलेलं छोटं कोर्ट बांधलं, तिथून हा खेळ सुरू झाला. आजचं कोर्ट २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. म्हणजे जाळीच्या एका बाजूला दहा बाय दहा मीटरचा चौकोन, आणि त्यात दोन माणसं. मागे तीन मीटर उंचीची काच, तिच्यावर एक मीटर जाळी. चेंडू जमिनीवर एक टप्पा घेऊन काचेवर आदळला तरी खेळता येतो, आणि या एका नियमामुळे पायांचं सगळं काम बदलून जातं. डोक्यावरून लॉब गेला की खेळाडू वळतो, तिरपी चार पावलं मागे टाकतो, काचेच्या आधी स्वतःला थांबवतो, चेंडू काचेवरून परत यायची वाट पाहतो, त्याच्याबरोबर अंगाने फिरतो आणि फटका मारून पुन्हा जाळीकडे निघतो. या सबंध हालचालीत सरळ रेषेत धावणं जवळजवळ नाहीच. आहे ते ब्रेक लावणं, बाजूला सरकणं, मागे जाणं आणि एका पायावर फिरणं. दीड तासाच्या खेळात ही चार कामं शेकडो वेळा होतात आणि त्यांचा सगळा भार चवड्यावर, घोट्यावर आणि गुडघ्यावर पडतो.

आता पायाखाली काय असतं ते पाहा. बहुतेक पॅडल कोर्टांवर आखूड कृत्रिम गवत असतं आणि त्यात सिलिका वाळू भरलेली असते. वाळू गवताचे तंतू उभे धरून ठेवते, चेंडूचा टप्पा एकसारखा राखते आणि थांबताना पाय थोडा सरकू देते. हे सरकणं म्हणजे कोर्टाचा दोष नव्हे. जोरात येऊन थांबणाऱ्या शरीराचा वेग त्या थोड्याशा घसरणीत जिरतो. पाय जागच्या जागी रुतला, तर तोच वेग वर गुडघ्याकडे जातो. पाय जमिनीला खिळलेला आणि वरचं शरीर फिरतंय, या अवस्थेत गुडघ्यातल्या गादीला, म्हणजे मेनिस्कसला, आणि एसीएल या अस्थिबंधाला इजा होते हे क्रीडावैद्यकात सर्वमान्य आहे. पॅडलमध्ये काचेवरून येणाऱ्या चेंडूबरोबर फिरताना खेळाडू नेमका याच अवस्थेत असतो. म्हणून ‘जितकी जास्त ग्रिप तितका चांगला बूट’ हे गणित इथे लागू पडत नाही.

बॉक्स क्रिकेट किंवा फुटबॉलचे टर्फ शूज याच कारणाने बाद ठरतात, आणि हे ठासून सांगायला हवं, कारण ‘टर्फ तो टर्फ’ असं समजून ते घालून येणारे पुष्कळ असतात. फुटबॉलच्या मैदानाचं गवत लांब असतं, त्यात बहुधा रबराचे दाणे भरलेले असतात आणि बुटाच्या खुंट्या त्यात शिरून आधार घेतात. पॅडलचं गवत आखूड आणि खालचा थर टणक. खुंट्यांना आत शिरायला खोलीच नाही. मग एक तर त्या तंतूंत अडकतात आणि पाय फिरू देत नाहीत, नाही तर सगळं वजन मोजक्या टोकांवर येऊन बूट डगमगतो. शिवाय कोर्टाचं गवत उचकटतं ते वेगळंच. दोन्ही पृष्ठभाग हिरवे किंवा निळे दिसतात, तेवढंच त्यांच्यातलं साम्य.

मग सोल कसा हवा? पॅडलसाठी मुख्यतः दोन नक्ष्या चालतात आणि तिसरी त्यांचं मिश्रण. पहिली हेरिंगबोन, म्हणजे सोलभर एकाआड एक नागमोडी खाचा; टेनिसमध्ये मातीच्या कोर्टासाठी असते तीच. या खाचा वाळू कापत जातात, वाळू त्यांतून बाहेर पडते, आणि पाय कुठल्याही दिशेला वळला तरी पकड साधारण सारखी राहते. दुसरी ऑम्नी, म्हणजे सोलवर पसरलेले बारीक रबरी ठिपके. कमी वाळूच्या गवतावर ते चांगलं धरतात आणि चवड्यावर फिरणं सोपं करतात. मिश्र सोलमध्ये चवड्याखाली एक नक्षी आणि कडेला दुसरी असते. ढोबळ नियम असा: वाळू भरपूर असेल तर हेरिंगबोन, वाळू कमी असेल तर ऑम्नी किंवा मिश्र. व्यावसायिक स्पर्धांत बारीक कुरळ्या तंतूंची आणि कमी वाळूची कोर्टं जास्त दिसतात, म्हणून तिथल्या नामवंत खेळाडूच्या पायातला बूट आपल्या कोर्टावर तसाच वागेल असं धरून चालू नये. उघड्यावरच्या कोर्टात तर आणखी एक भानगड असते. वाऱ्याने आणि खेळण्याने वाळू मधून सरकून कोपऱ्यांत आणि काचेच्या कडेला साचते. एकाच कोर्टावर मध्यभागी पाय धरून राहतो आणि काचेजवळ, जिथे थांबायची सर्वांत जास्त गरज, तिथे सटकतो. कोर्टाची नियमित झाडणी करून वाळू पसरत राहणं हे चालकाचं काम; खेळणाऱ्याने ते होतं का एवढं विचारावं आणि पहिल्या पाच मिनिटांत कोपऱ्यात दोनदा थांबून पाहावं. एकच जोड घ्यायचा असेल, कोर्टं बदलत राहणार असतील, तर मी हेरिंगबोनच्या बाजूने कौल देईन. वाळूचं प्रमाण कमीजास्त झालं तरी तो फारसा दगा देत नाही.

रनिंग शूजबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण सर्वांत जास्त पायांत तेच असतात आणि सर्वांत सुखाचे तेच वाटतात. दुकानात पाय घातला की मऊ लागतं, वजन जाणवत नाही, किंमतही बऱ्यापैकी मोजलेली असते. मग हे वाईट कसे? ते वाईट नाहीत, पुढे धावण्यासाठी ते उत्तम आहेत. पण त्यांची घडणच एका दिशेची आहे. टाचेखाली फोमचा जाड थर, टाच चवड्यापेक्षा बरेचदा आठ-दहा मिलिमीटर उंच, वरचं कापड पातळ आणि ताणणारं. पाय बाजूला टाकून थांबलात की तीन गोष्टी एकदम होतात. मऊ फोम बाहेरच्या कडेला दबतो, पातळ कापडात पाय सोलच्या बाहेर ओघळतो, आणि पाय जमिनीपासून उंच असल्याने घोटा बाहेर वळायला जास्त वाव मिळतो. घोटा मुरगळतो तो बहुधा याच दिशेने, आणि ताणले जातात ते घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध. पॅडल किंवा टेनिसचा बूट हातात घेऊन शेजारी रनिंग शू ठेवा, फरक डोळ्यांना दिसेल: कोर्टच्या बुटाचा तळ चवड्याशी रुंद असतो, सोलचं रबर बाहेरच्या कडेने थोडं वर चढलेलं असतं, अंगठ्यापाशी घासलं जाऊ नये म्हणून जाड आवरण असतं, आणि टाचेभोवतीचा कप दाबला तरी दबत नाही. जोडीमागे शे-दोनशे ग्रॅम जास्त वजन या सगळ्यासाठी मोजलेलं असतं, आणि ते मोजण्यासारखं आहे.

बॅडमिंटनच्या बुटांची गोष्ट जरा वेगळी. बाजूच्या हालचालीसाठी ते बनलेले असतात, पाय जमिनीजवळ राहतो, घोट्याला त्यांचा धोका कमी. अडचण सोलची. लाकडी किंवा मॅटच्या स्वच्छ कोर्टासाठी लावलेलं मऊ गम रबर वाळूवर भराभर झिजतं, आणि त्याच्या उथळ नक्षीत वाळू बसली की पाय घसरू लागतो. पहिल्या दोन-चार खेळांपुरते ते चालवून घ्यावेत. पुढे खेळही बिघडेल आणि बॅडमिंटनचे बूटही. टेनिसचे बूट मात्र खरोखर कामाचे आहेत. विशेषतः क्ले किंवा ऑल-कोर्ट प्रकारचे, सोलभर नागमोडी खाचा असलेले. पॅडलच्या नावाने विकले जाणारे कित्येक बूट टेनिसच्याच बुटांवर थोडा सोल बदलून बनवलेले असतात. कुणी म्हणेल, मग पॅडलचा वेगळा बूट ही निव्वळ विक्रीची क्लृप्ती आहे. यात थोडं तथ्य आहे. पण सगळं नाही. टेनिसच्या हार्ड कोर्टचा बूट, ज्याच्या सोलवर उथळ नक्षी आणि सपाट पट्टे असतात, तो सिमेंटवर चांगला आणि वाळूवर निसरडा. त्यामुळे ‘टेनिसचा चालतो’ हे ऐकून घेण्याआधी कुठला टेनिसचा, हे विचारलं पाहिजे. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याला टेनिसचा क्ले बूट पुरेसा आहे. दोन-तीनदा खेळणाऱ्याने पॅडलचाच घ्यावा. चवड्यावर फिरण्यासाठी केलेली सोलची खास रचना आणि अंगठ्याजवळची मजबुती यांचा उपयोग त्याला खराच होतो. डेकॅथलॉनच्या कुइक्मा या ब्रँडमध्ये पॅडलचे बूट मिळतात. असिक्स, बाबोलात, हेड, आदिदास यांचेही पॅडलचे बूट आहेत. बाबोलातच्या काही सोलवर मिशेलिन या टायर कंपनीचं नाव दिसतं, कारण ते रबर त्या दोघांच्या सहकार्यातून आलेलं आहे. पण नावापुढे जाऊन सोल पाहायचाच.

दोन आक्षेप हटकून येतात. पहिला: नुकतीच सुरुवात आहे, जमलं तर बूट घेऊ. वरवर हे शहाणपणाचं वाटतं, पण इजेच्या बाजूने पाहिलं तर उलट आहे. सरावलेला खेळाडू चेंडू कुठे येणार हे आधी ओळखतो, लवकर निघतो आणि हळू थांबतो. नवखा उशिरा निघतो, नजर चेंडूवर ठेवून उलट्या पावलांनी मागे पळतो आणि काच पाठीला लागणार असं वाटताच करकचून थांबतो. चुकीच्या बुटाचा जाच त्यालाच जास्त. म्हणून पहिल्या एक-दोन वेळा टेनिस किंवा बॅडमिंटनचे बूट कुणाचे मापाचे मिळाले तर घालावेत, रनिंग शूज घालून मात्र जाऊ नये, आणि खेळ आवडला हे कळताच पहिली खरेदी बुटांची करावी. रॅकेट भाड्याने किंवा उसनी घेऊन भागतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: इजा बुटाने टळत नाही, पायांच्या ताकदीने टळते. हे मला मान्य आहे. दिवसभर दुकानात किंवा ऑफिसात बसून रात्री नऊला थेट कोर्टावर उतरणाऱ्या चाळिशीतल्या माणसाची पोटरी किंवा टाचेमागची शीर दुखावली, तर तिथे बूट काही करू शकत नाही. वॉर्म-अप आणि पोटऱ्यांचा व्यायामच हवा. पण ताकद कमवायला महिने लागतात, आणि पाय जमिनीला कसा टेकतो, कसा सुटतो हे बूट पहिल्या दिवसापासून ठरवतो. एक करायचं म्हणून दुसरं सोडायचं, असं काही नाही.

मापाच्या बाबतीत आपली एक खास अडचण आहे. भारतात बुटांचे नंबर ब्रिटिश किंवा युरोपीय पद्धतीचे, आणि साचेही तिकडच्या पायांवर बेतलेले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त माणसांचे पाय मोजले, आणि भारतीय पाय चवड्याशी सर्वसाधारणपणे जास्त रुंद असतो असं त्यातून दिसलं; त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. ती रुळेपर्यंत आपण काय करतो? चवड्याला घट्ट लागतं म्हणून एक नंबर मोठा घेतो. मग लांबी जास्त होते, टाच सुटी पडते, आणि थांबताना पाय बुटाच्या आतच पुढे सरकतो. दोन-तीन आठवड्यांत अंगठ्याचं नख काळं पडतं ते यामुळे. खरा उपाय त्याच नंबरात रुंद साचा मागण्याचा, किंवा ज्या कंपनीचा साचा मुळात पसरट आहे तिचा बूट शोधण्याचा. म्हणून पहिला जोड ऑनलाइन मागवू नये. राजवाड्याकडे असो, एम. जी. रोडवर असो की मॉलमध्ये, दुकानात जावं, आणि संध्याकाळी जावं, कारण दिवसभरात पाय किंचित फुगलेले असतात आणि आपल्याकडे खेळ बहुधा रात्रीच होतो. खेळताना घालता तेच मोजे सोबत न्यावेत. दोन्ही पायांत बूट घालून, नाडी नीट बांधून उभं राहावं. लांब बोटापुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा उरली पाहिजे आणि टाच उचलली जाता कामा नये. मग बूट हातात घेऊन तीन गोष्टी कराव्यात. टाच आणि टोक दोन हातांत धरून ओलं फडकं पिळतात तसं पिळावं. कोर्टचा बूट अडून बसतो, रनिंग शू सहज वळतो. टोक वर दाबावं. वाक बोटांच्या सांध्यापाशी यायला हवा, मध्ये कमानीपाशी नव्हे. टाचेचा कप अंगठ्याने दाबावा; तो चेपला गेला तर बूट परत द्यावा. शेवटी दुकानातच दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे टाकून पटकन थांबून पाहावं. सोबत कुणी असेल तर त्याला मागून टाचेकडे बघायला सांगावं. पाय सोलच्या कडेबाहेर झुकत असेल तर तो बूट मापाचा नाही. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्यावं.

डब्यावरच्या छापील चिठ्ठीवर किमतीशेजारी उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष असतं. ते वाचायची सवय आपल्याला बिस्किटांच्या पुड्यापुरतीच आहे, पण बुटालाही लागू आहे. सोलचा डिंक आणि मधला फोम नुसता ठेवूनही म्हातारा होतो. पॉलियुरेथेनचा थर तर दमट हवेत हळूहळू विरघळल्यासारखा भुगा होतो. सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळणारा बूट तीन-चार वर्षं गोदामात पडलेला असेल, तर तो स्वस्त नाही. ज्यांना एकदा नंबर आणि साचा पक्का कळला, त्यांनी पुढचा जोड खुशाल ऑनलाइन घ्यावा, पण परत करण्याची सोय पाहून आणि डबा उघडताच तारीख वाचून.

इंदूरच्या हवेचाही विचार करावा लागतो. माळव्याची काळी माती पावसात चिकट होते, आणि घरून बूट घालूनच निघालात तर पार्किंगपासून कोर्टापर्यंतच्या वाटेवर सोलच्या खाचा मातीने भरतात. मग कोर्टावर हेरिंगबोन असून नसल्यासारखा, आणि ती माती गवतात जाते ती वेगळी. बूट पिशवीतून न्यावेत, कोर्टाच्या दाराशी घालावेत. खेळ संपल्यावर दोन्ही सोल एकमेकांवर आपटून वाळू झाडावी आणि खाचांत अडकलेली जुन्या टूथब्रशने काढावी. हिवाळ्यात रात्री उशिरा उघड्या कोर्टावर दव पडतं. गवत आणि काच दोन्ही ओलसर झाली, की कुठलाच सोल भरवशाचा राहत नाही, तेव्हा खेळ थांबवणं बरं. मे महिन्यात बूट गाडीच्या डिकीत ठेवू नयेत. बंद गाडीतल्या उष्णतेने सोलचा डिंक सुटतो. ओले झाले तर उन्हात किंवा हीटरपुढे नकोत, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली सुकवावेत.

बूट कधी बदलायचा, याचं उत्तर वरून दिसत नाही. वरचा भाग नव्यासारखा असतानाच सोल संपलेला असतो. चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी बोट फिरवून पाहा. तिथल्या खाचा किंवा ठिपके सपाट झाले असतील, तर पकड गेली. बूट टेबलावर ठेवून मागून पाहा. एका बाजूला कलला असेल, तर आतला फोम बसला. यांतलं एक जरी दिसलं तरी तो बूट कोर्टावरून काढून फिरायला वापरावा. मुलांच्या बाबतीत आपण नेमकं उलट करतो: वाढता पाय आहे म्हणून दीड नंबर मोठा बूट, पुढे कापूस कोंबून, दोन वर्षं. चालण्याच्या बुटाला हे कदाचित खपेल, पण बाजूला उडी टाकून थांबणाऱ्या मुलाचा पाय त्या मोठ्या बुटात आतल्या आत फिरतो. त्यांना मापाचा, साधा, कमी किमतीचा टेनिस किंवा पॅडलचा बूट घ्यावा आणि दर चार-सहा महिन्यांनी अंगठ्यापुढची जागा दाबून पाहावी. जागा संपली की धाकट्या भावंडाला द्यावा, पण सोल तपासून.